किकऑफच्या आधीचं अर्धं मिनिट

चि. कॅप्टनला अनेक आशीर्वाद.

रविवारी तुम्ही फुटबॉलचा सामना जिंकलात. पोरांनी तुला खांद्यावर घेतलं आणि खाली उतरल्यावर तू माझ्याकडे न बघता बाटली घेऊन सरळ नळावर गेलास. एरवी सामना संपला की सगळ्यात आधी "काका, कसा खेळलो?" म्हणत येणारा मुलगा तू. म्हणून हे पत्र. समोर बसवून बोललो असतो तर तू नुसती मान हलवली असतीस.

चेंडू तुझ्या हाताला लागला होता. मी कॉर्नरच्या झेंड्यामागे उभा होतो, मला दिसलं. उजव्या हाताला, कोपराच्या जरा वर. मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. दोघांच्या मधून उडी मारताना आपला हात कुठे जातो हे आपल्यालाही कळत नाही. पण तू कॅप्टन आहेस, नियम तुला पाठ हवा. चेंडू हाताला लागून थेट गोलात गेला, किंवा हाताला लागल्यावर त्याच खेळाडूने लगेच गोल मारला, तर तो चुकून लागलेला असला तरी गोल धरत नाहीत. काखेच्या रेषेपासून खाली सगळा हातच. तेव्हा "मुद्दाम नव्हतं" हे उत्तर इथे चालत नाही.

मला बोलायचंय ते त्याच्या पुढच्या अर्ध्या मिनिटाबद्दल. रेफरीने गोल देत मध्याकडे हात दाखवला, तुझी पोरं तुझ्या अंगावर येऊन पडली, समोरचा गोलकीपर स्वतःचा दंड दाखवत रेफरीकडे धावला. ती त्याच्याकडे नाही, तुझ्याकडे बघत होती. शिट्टी तशीच ओठात. तिच्या आणि चेंडूच्या मध्ये दोन उंच पोरं होती, तिला दिसणं शक्यच नव्हतं. आणि खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत रेफरीला निर्णय फिरवता येतो, एकदा किकऑफ झाला की नाही. चेंडू मध्यावर नेऊन ठेवेपर्यंत तुझ्याकडे वेळ होता. मी बाहेरून ओरडलो असतो तरी उपयोग नव्हता. दोरीबाहेरच्या माणसाच्या सांगण्यावरून रेफरी गोल रद्द करू शकत नाही. सांगायचं तूच होतंस. तू वाकून मोजे वर ओढत राहिलास.

तू नळावर असताना काय झालं ते तुला माहीत नाही. समोरच्या संघाच्या दोन पालकांनी तिला गाठलं. किती पैसे खाल्ले, इथपासून सुरुवात. एकोणीस वर्षांची मुलगी आहे, हा तिचा पहिलाच सीझन, पेट्रोल सुटेल एवढे पैसे मिळतात तिला. ती काही बोलली नाही. कॉर्नरचे झेंडे उपटून एकेक गुंडाळत होती, आणि एक झेंडा तिने तीनदा गुंडाळला.

आपण सारखं म्हणतो, असं वागलं की समोरच्या संघावर अन्याय होतो. होतोच. पण ते अकरा जण असतात, एकमेकांना धरून असतात, पुढच्या रविवारी परत येतात. तुझ्या गप्प बसण्याची किंमत त्या मैदानावर जी एकटी होती तिने दिली. हे मी तुला इतक्या ठामपणे सांगतोय कारण मी स्वतः हे केलेलं आहे.

सतरा वर्षांचा होतो. मीटरगेजच्या गाडीने आम्ही इंदूरजवळच्या महूला सामने खेळायला जायचो. पावसाळ्याचे दिवस, आपली माळव्याची काळी माती, बुटाला एकेक शेर चिकटायची. शेवटच्या पाच मिनिटांत मी पेनल्टी बॉक्समध्ये पडलो. मला कुणी हातही लावला नव्हता. पेनल्टी मिळाली, गोल झाला, आणि सामना संपताच लोकांनी रेफरीला घेरलं. पन्नाशीचे गृहस्थ, गिरणीत कामाला. परतीच्या गाडीत ते आमच्याच डब्यात होते. शिट्टीची दोरी कुणीतरी ओढून तोडली होती, तिला ते गाठ मारत बसले होते. ओली दोरी, गाठ सुटायची, ते परत मारायचे. त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती. मी समोर उभा राहून राजेंद्रनगर आल्यावर उतरून गेलो. ते परत कधी मैदानावर दिसले नाहीत.

तुझ्या खोलीत मॅराडोनाचं पोस्टर आहे. २२ जून १९८६, इंग्लंडविरुद्धचा हाताने मारलेला गोल तुला पाठ आहे. रेफरी कोण होते ते माहीत आहे? ट्युनिसियाचे अली बिन नासर. त्यांनी लाइनमनकडे पाहिलं, झेंडा वर गेला नाही, गोल दिला. पुढे आयुष्यभर लोकांनी त्यांना तेवढंच विचारलं. २०१५ मध्ये मॅराडोना ट्युनिसियात त्यांच्या घरी जाऊन भेटला, आपली सही केलेली जर्सी त्यांना दिली. मधे एकोणतीस वर्षं गेली होती.

आणि जर्मनीच्या मिरोस्लाव क्लोजेचंही ऐक. सप्टेंबर २०१२, इटलीतला लाझिओ विरुद्ध नेपोली सामना, तो लाझिओकडून, सुरुवातीलाच त्याचा गोल झाला. नेपोलीचे खेळाडू तक्रार करत होते. क्लोजेने रेफरीला सांगितलं, हाताला लागला. गोल रद्द झाला, रेफरीने त्याच्याशी हात मिळवला. लाझिओ तो सामना ०-३ हरला. हे मुद्दाम सांगतोय. खरं बोललं की बक्षीस मिळतं असं मी तुला कधीच सांगणार नाही. तुम्हीही कदाचित रविवारी हरला असता. ते मला चाललं असतं, आणि मला वाटतं तुलाही चाललं असतं, नाहीतर तू नळावर गेला नसतास.

आणखी एक, कॅप्टन म्हणून. २०२४ च्या युरो स्पर्धेत ठरवून टाकलं होतं की रेफरीशी बोलायला फक्त कॅप्टनने जायचं, बाकीच्यांनी घोळका करायचा नाही. आपल्याकडे आजपासून तसंच. तुझी पोरं तिच्याभोवती गोळा झाली तर त्यांना मागे ओढणं तुझं काम. बाबा बाहेरून ओरडले तर त्यांच्याशी मी बोलेन, ते तुझ्यावर नाही.

माफीची वाक्यं मी तुला शिकवणार नाही. ती रविवारी साडेसहालाच येते, चुन्याच्या रेषा स्वतः बघून घेते. तेव्हा मैदानावर कुणी नसतं. सायकल घेऊन लवकर ये. बाजाराकडच्या गोलची जाळी डावीकडून सुटली आहे, ती बांधताना तिला दुसरं कुणीतरी लागेलच.

तुझा,
काका