कॅनडात घरी १६ फुटी स्ट्रिप कनू, म्हणजे लाकडाच्या पातळ पट्ट्या जोडून केलेली होडी, बांधायची आहे. सीडर म्हणजे आपला देवदारच ना? कुठल्या फळ्या घेऊ?

नाही, देवदार नको. तुम्हाला हवा तो वेस्टर्न रेड सीडर, आणि नावात सीडर असलं तरी तो देवदाराच्या कुळातला नाही. त्याची घनता घनमीटरला सुमारे ३७० किलो, देवदाराची ५६० च्या आसपास. कनूच्या ६ मिमी जाडीच्या कवचात नुसत्या लाकडाचाच सहा-एक किलोंचा फरक पडतो, आणि कनू खांद्यावर तुम्हालाच न्यायची आहे. नॉर्दर्न व्हाइट सीडर आणखी हलका, पण त्याच्या लांब, बिनगाठीच्या फळ्या मिळणं कठीण.

आता फळी. दुकानदार उभ्या रेषांची महाग फळी पुढे करेल, ती घेऊ नका. टोकाकडून बघा: वलयं फळीच्या रुंद बाजूला समांतर, आडवी पडलेली हवीत. आपण पट्ट्या फळीच्या कडेवरून चिरतो, म्हणजे फळीची १९ मिमी जाडी हीच पट्टीची रुंदी होते आणि आडव्या वलयांच्या फळीतून उभ्या रेषांची पट्टी निघते. उलटं झालं तर घासताना वलयांमधला मऊ भाग आधी झिजतो, कडक रेघा वर राहतात. हात फिरवला की पन्हळी पत्र्यासारखं लागतं.

हिशेब असा. मधला घेर १३५ सेंमी धरला आणि पट्टीला एका कडेला गोलाई, दुसरीला खाच पाडली, तर प्रत्येक पट्टी १६ मिमीच झाकते. म्हणजे ८५ पट्ट्या, दहा टक्के जादा धरून ९४. ‘एक बाय सहा’ फळी प्रत्यक्षात १४० मिमी रुंद असते. २ मिमी करवतीत गेले तर तिच्यातून १७ पट्ट्या निघतात. सहा फळ्या घ्या, १७-१८ फुटी. तेवढ्या लांब नसतील तर आठास एक उताराचा तिरपा सांधा द्या, ६ मिमीला ४८ मिमी. फक्त शेजारशेजारच्या पट्ट्यांचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नका.

गाठी बघाच, पण रेषा फळीच्या कडेतून बाहेर पळत नाहीत ना, हेही बघा. नाळेजवळ, म्हणजे कनूच्या टोकाशी, पट्टी पिळावी लागते, तेव्हा ती नेमकी तिथेच मोडते. एकाच फळीच्या पट्ट्या एकत्र बांधून ठेवा आणि दोन्ही बाजूंना वाटून लावा. नाहीतर एक अंग गुलाबी, दुसरं चॉकलेटी दिसेल.

काठपट्ट्यांना ॲश हे कठीण लाकूड घ्या. सीडर तिथे मऊ पडतो, खडकावर आपटला की चेपतो. आणि चिरताना, घासताना चांगला मास्क लावाच. रेड सीडरच्या भुशाने दमा होऊ शकतो.