नव्या फ्लॅटचा ताबा घेऊन आठ महिने झाले. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला ओल येते, बिल्डर टाळाटाळ करतोय. काय करावं?

दुरुस्ती त्यानेच करायची आहे, तीही फुकट. प्रकल्प रेरात (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे) नोंदलेला असेल तर 2016 च्या रेरा कायद्याचं कलम 14(3) तुमच्या बाजूने आहे. ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा सेवांमध्ये दोष दिसला आणि तुम्ही कळवलंत, की 30 दिवसांत तो दूर करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. नाही केला तर भरपाई मागता येते.

साइटवरच्या सुपरवायझरला फोन करत बसू नका, त्याची नोंद कुठेच राहत नाही. आजच फोटो काढून ईमेल करा आणि तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. पोच जपून ठेवा, 30 दिवस मोजायला तीच लागते.

आणि कृपया, तोवर स्वतःच्या गवंड्याकडून टाइल्स उखडून घेऊ नका! मग ‘तुमच्याच तोडफोडीने गळतंय’ असं म्हणायला त्याला आयती सबब मिळते. वरच्या मजल्यावरून पाणी येतंय का, तेही पाहून घ्या. शेजाऱ्याने बाथरूम फोडून नवं केलं असेल तर प्रश्न वेगळा.

मुदत उलटली तर महारेराच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर तक्रार करा. वकील सक्तीचा नाही.