कमानी मोकळ्या करा, पण तळाला हात लावू नका

प्रश्न : काका, आमच्या गावाला लागून शिवना नदीला मिळणारा ओढा आहे. त्यावर निजामाच्या काळातला तीन कमानींचा दगडी पूल. दोन कमानी निम्म्याच्या वर गाळानं बुजल्यात, कठड्यात पिंपळ उगवलाय, आणि ओढ्यात गावाचं सांडपाणी नि प्लास्टिक. दिवाळीपासून आम्ही वीस-बावीस जण दर रविवारी सफाई करतो, त्यात बचत गटाच्या बायकाच जास्त. आता एक जण पोकलेन फुकट द्यायला तयार झालाय. "डिझेल तेवढं तुमचं, एका दिवसात ओढा सहा फूट खोल करून देतो," म्हणतो. काही जण म्हणतात, पूलच पाडा आणि नळ्या टाका. ग्रामसभा पंधरा दिवसांवर आलीय. काय करावं?
– एक शिक्षिका, ता. कन्नड

उत्तर : ताई, पोकलेनवाल्याला आजच सांगा, पुलाच्या आसपास यायचं नाही. बाकीचं सावकाश बोलू.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. त्या वर्षी मी लातूर जिल्ह्याला लागून असलेल्या एका तालुक्यात शाखा अभियंता होतो. गावोगाव नाले खोल करायची कामं निघाली होती. लोक स्वतःहून यायचे, बायका भाकरी बांधून आणायच्या. एका गावात दोन कमानींचा जुना पूल होता. मशीन ओढा उकरत पुलापाशी आलं आणि ड्रायव्हरनं विचारलं, "साहेब, इथं सोडायचं का?" मी म्हणालो, मधेच कशाला सोडतो, सलग घे. पुलाखालची दगडी फरशी उखडली गेली. ताशीव दगड, एकाला एक घट्ट बसवलेले. काठावर रचून ठेवले तर लोकांनी ते घरच्या ओट्याला नेले.

सप्टेंबरच्या शेवटी मराठवाड्यात धो धो पाऊस झाला. पाणी उतरल्यावर मी गेलो. मधला खांब वीतभर खचला होता. कमानीच्या माथ्यावरचा दगड खाली सरकला होता आणि त्या फटीतून वरचं आभाळ दिसत होतं. त्याखाली मी किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही. कुणाला इजा झाली नाही, पण इतके पूर खाऊन उभा राहिलेला पूल माझ्या एका शब्दानं गेला.

कारण साधं आहे. या जुन्या पुलांचा पाया बहुतेक वेळा उथळ असतो. मुरूम किंवा मांजऱ्या, म्हणजे मऊसर खडक, लागला की त्यावरच बांधकाम उचलायचे, आणि पाण्यानं तळ उकरू नये म्हणून पात्रात दगड बसवायचे. म्हणजे ओढ्याचा तळ हाच पुलाचा आधार. तो सहा फूट खाली नेला की पाणी पायाच्या खाली शिरतं. पुलाला न शिवता खालच्या अंगाला खोल खड्डा घेतला तरी धोका टळत नाही. खड्ड्याच्या तोंडाशी पाणी वेगानं पडतं, काठ ढासळतो आणि खड्डा पुरागणिक मागं मागं, पुलाकडं सरकत येतो.

म्हणून कमानीतला गाळ हातानंच काढायचा. तुमची तिसरी कमान मोकळी आहे, ही मोठी सोय आहे. तिच्या तळाची पातळी दोरी ताणून बाकीच्या दोन कमानींवर खुणा करून घ्या आणि त्या खुणेच्या खाली जाऊ नका. वरचा गाळ फावड्यानं निघेल. खुणेजवळ आलात की पहार हळूच टोचत जा. मऊ लागतंय तोवर गाळ. ठण्ण वाजलं की थांबा, ती फरशी आहे. एखादा दगड निखळलेला दिसला तर तिथंच राहू द्या. दोन्ही कमानींतला गाळ एकसारखा खाली आणा. निघालेला गाळ आधी वाळवून चाळा, त्यात प्लास्टिक आणि काच असणार. सांडपाण्याचा गाळ भाजीपाल्याला नको, बांधावरच्या झाडांना घाला.

नळ्यांचं म्हणाल तर ग्रामसभेत हा हिशोब मांडा. तुमची एक कमान दहा फूट रुंद आणि सात फूट उंच धरली तर पाण्याला साठेक चौरस फुटांची वाट मिळते. तीन फुटी नळीतून सात चौरस फूट. म्हणजे एका कमानीला आठ-नऊ नळ्या, तीन कमानींना पंचवीसेक. इतक्या कोण टाकणार? चार-पाच टाकतात, पहिल्या पुरात वेडी बाभूळ आणि उसाचं पाचट आडवं अडकतं, आणि पाणी बाजूचा भराव कापून शेतात शिरतं. पूल पाडायचा विषय आकड्यानं संपेल, भावनेनं संपणार नाही. पुलावर माझा जीव आहे, तरीही सांगतो.

पण वजनाचं बघावं लागेल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, एसटीच्या दोन बसगाड्या गेल्या. जुना आहे म्हणून मजबूतच असेल, असं धरून चालू नका. रस्ता जिल्हा परिषदेचा आहे की सार्वजनिक बांधकाम खात्याचा, ते ग्रामपंचायतीत कळेल. त्यांच्याकडून तपासणी करून घ्यायचा ठराव याच ग्रामसभेत घ्या, आणि तपासणी होईपर्यंत उसाच्या दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर पुलावरून नेऊ नयेत, असंही त्यात लिहा.

पिंपळ उपटू नका. मुळं सांध्यात शिरलेली असतात, झाड ओढलं की दगडही हातात येतो. रोपटं बोटभर असेल तर पावसाळ्यात मुळासकट सोडवून ओढ्याच्या काठी लावा, गावातल्या म्हाताऱ्या माणसांनाही ते बरं वाटेल. जाड असेल तर बुंध्याशी कापा, पुन्हा फुटलं की पुन्हा कापा, मूळ आतच मरू द्या. मग सांधे भरा, पण सिमेंटनं नको. हा पूल चुन्यात बांधलेला असणार. सिमेंट कडक, ओल आतच कोंडतं, आणि काही वर्षांनी सांधा राहतो पण दगडाची कड सुटते. चुना, वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, मळून भरणारा गवंडी शोधा. जुन्या पुलाजवळ कधी कधी जमिनीत गोल चर आणि दगडी चाक सापडतं, ती चुन्याची घाणी. तुमच्याकडं आहे का, बघा. असेल तर ती जपा.

सांडपाणी थांबलं नाही तर रविवारची मेहनत फुकट जाईल. छत्रपती संभाजीनगरची खाम बघा. जटवाड्याच्या डोंगरातून निघते, हर्सूल तलावातून शहरात येते. मलिक अंबरानं १६१० मध्ये जिथं खडकी, म्हणजे आजचं हे शहर, वसवली ते हेच पाणलोट, पाणचक्की याच नदीच्या काठावर. त्याच नदीत पुढं शहराचे नाले सोडले गेले. अलीकडं महापालिका, छावणी परिषद आणि संस्थांनी मिळून तिचं काम हातात घेतलं, तेव्हा कचरा आणि नाले थोपवणं हाच कामाचा मोठा भाग ठरला. तुमचं गाव लहान आहे, म्हणजे तुम्हाला सोपं आहे. घरटी शोषखड्डे घ्या, आणि जिथं गटार ओढ्याला मिळतं तिथं गाळ बसेल असं एक टाकं बांधून त्यापुढं कर्दळ लावा. बचत गटाच्या बायकांनी शोषखड्ड्यांचं काम अंगावर घेतलं तर ते होईल, हे मी खात्रीनं सांगतो.

आणि एक काम येत्या रविवारीच करा. कमानीला कुठं तडा असेल तर त्यावर आडवा, बोटभर रुंद आणि पातळ असा प्लास्टर ऑफ पॅरिसचा पट्टा ओढा, त्यावर तारीख लिहा. पहिला पूर ओसरला की जाऊन बघा. पट्टा अखंड असेल तर काम चालू ठेवा. तुटला असेल तर पूल हलतोय, त्याच दिवशी दोन्ही टोकांना दगड लावून वाहनं बंद करा, बांधकाम खात्याला लेखी कळवा आणि मासिकाच्या पत्त्यावर मलाही. मी येईन.