गांजाच्या केसमध्ये भावाला 12 वर्षं शिक्षा झाली आहे. अपिलात कमी होईल का?

तुम्ही लिहिलंय की भावाच्या बॅगेत साडेबावीस किलो गांजा सापडला, विशेष न्यायालयानं 12 वर्षं आणि एक लाख दंड सुनावला, आणि आता घरची परिस्थिती मांडून शिक्षा कमी करून घ्यायची आहे. मी फौजदारी अपिलं चालवतो, म्हणून स्पष्टच सांगतो: परिस्थितीवर भिस्त ठेवू नका. 20 किलोच्या वर गांजा म्हणजे व्यावसायिक मात्रा, आणि तिथे एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यानं किमान 10 वर्षं ठरवून टाकली आहेत. हायकोर्टही त्याखाली जाऊ शकत नाही. म्हातारी आई, लहान मुलं हे सगळं फार तर वरच्या दोन वर्षांपुरतं. किमानपेक्षा जास्त शिक्षा का दिली याचं कारण निकालात नसेल, तर कलम 32-ब दाखवून तेवढ्यासाठी जरूर भांडा.

खरी लढाई मुद्देमालाची आहे. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. पंचनाम्यात नुसतं ‘हिरवट पाला’ लिहून, काड्या-देठांसकट पोतं काट्यावर ठेवलं असेल, तर साडेबावीसपैकी गांजा किती हा प्रश्न उभा राहतो. आकडा 20 च्या खाली आला की किमान शिक्षेची अटच जाते. मग घरच्या परिस्थितीलाही वजन येतं.

त्यानंतर नमुने. कलम 52-अ प्रमाणे ते दंडाधिकाऱ्यांसमोर काढायचे असतात; तसे काढले का? लेबलावर सह्या कोणाच्या, मुद्देमाल रजिस्टरमधली नोंद आणि सीए रिपोर्टमधलं (रासायनिक तपासणीच्या अहवालातलं) सीलचं वर्णन जुळतं का, मधले दिवस पाकीट कोणाच्या ताब्यात होतं, हे एकेक तारीख लावून तपासा. मात्र नुसत्या 52-अ च्या चुकीवर सुटका होईलच असं नाही. बाकीचा पुरावाही डळमळीत असावा लागतो.

कलम 50 चा मुद्दा तुम्हाला कोणीतरी हमखास सांगेल. ते अंगझडतीपुरतं आहे. माल फक्त बॅगेत मिळाला असेल तर त्यात फारसा जीव नाही. उलट अधिकाऱ्यासमोर दिलेल्या कबुलीजबाबावर शिक्षा टेकलेली असेल, तर सुप्रीम कोर्टाचा 2020 चा तोफान सिंग निकाल थेट कामाला येतो. कलम 67 खालचा असा जबाब कबुली म्हणून वापरता येत नाही.

मुदत 60 दिवसांची. निकालाची नक्कल मिळायला लागलेला काळ त्यातून वजा होतो, आणि उशीर झालाच तर कारण देऊन माफीचा अर्ज करता येतो. अपिलासोबतच शिक्षा स्थगितीचा आणि जामिनाचा अर्ज टाका, कारण सुनावणीला वर्षं लागू शकतात. शिक्षा स्थगित करण्याचा कोर्टाचा अधिकार कलम 32-अ नं काढून घेतला होता. सुप्रीम कोर्टानं 2000 साली महाराष्ट्रातल्याच दादू प्रकरणात तो कोर्टांना परत दिला. जामिनासाठीची कलम 37 ची कडक अट मात्र कायम आहे, त्यामुळे पहिल्या फटक्यात जामीन मिळेल असं कोणी छातीठोक सांगितलं तर सावध राहा.

वकिलाचे पैसे नसतील तर भाऊ तुरुंग अधीक्षकांमार्फतही अपील पाठवू शकतो. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत विधी सहाय्य मिळतं.

आणि दंड न भरल्यास किती कैद भोगायची तेही निकालात बघा. ती मूळ शिक्षा संपल्यावर वेगळी सुरू होते. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टानं एका एनडीपीएस प्रकरणात अशी तीन वर्षांची कैद सहा महिन्यांवर आणली होती, तेव्हा अपिलात ही मागणी स्वतंत्रपणे लिहून घ्या.