आजार तुमचा आहे, करिअर त्याचं आहे

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्हाला प्रोस्टेटचा कर्करोग आहे, तो हाडांत पसरलाय, आणि पुरुषी हार्मोन दाबणारी इंजेक्शनं चालू असूनही पीएसए, म्हणजे या आजाराचा माग ठेवणारा रक्तातला आकडा, पुन्हा चढतोय. बारावीतल्या मुलाने याच आजारावर संशोधन करून औषध शोधावं, असं तुम्ही ठरवलंय. त्याला गणितात ९१ आहेत, जीवशास्त्रात ६४. तेवढ्यावर भागेल का, असं विचारताय.

६४ची मला काळजी नाही. काळजी वाटली ती तुम्ही सहज लिहून गेलात त्या ओळीची: तो तुमच्या पीएसएचे आकडे आलेखाच्या कागदावर मांडतो आणि नवा रिपोर्ट आला की रात्रभर जागतो. तुम्ही याला आवड म्हणता. मला तरी ती भीती दिसते. 'मी शिकलो तर बाबा वाचतील' असं त्याने मनाशी धरलं असेल, तर एका पेपरात कमी पडणं त्याला कसं वाटत असेल? हे ओझं त्याच्यावरून आजच उतरवा.

'हार्मोन बंद केलं तरी गाठ वाढते, म्हणजे एक औषध शोधायचं राहिलंय,' असंही तुम्ही लिहिलंय. तसं नाही. हार्मोन तोडलं की हा कर्करोग आक्रसतो, हे चार्ल्स हगिन्स या शल्यचिकित्सकांनी १९४१ मध्ये दाखवलं. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण पेशी पळवाटा काढतात. पेशीतल्या अँड्रोजन रिसेप्टर या प्रथिनाला हार्मोन चिकटलं की ते वाढीची जनुकं चालू करतं. हार्मोन आटलं की काही पेशींत या रिसेप्टरच्या जनुकाच्या प्रती वाढतात. काही गाठी हार्मोन स्वतःच बनवू लागतात. काहींत एआर-व्ही७ हे रिसेप्टरचं तोकडं रूप तयार होतं. त्यात हार्मोन चिकटण्याची जागाच नसते, तरी ते काम करत राहतं. एन्झाल्युटामाइड नेमकं त्याच जागी बसणारं औषध, मग ते बसणार कुठे? एकाच रुग्णाच्या दोन गाठींत दोन वेगळ्या वाटा असू शकतात. एकट्या मुलाने शोधून काढावं असं एक औषध इथे नाही.

पदवी, पदव्युत्तर, पीएचडी धरून दहाएक वर्षं जातात. तुमचा उपचार आजचा आहे. पेशीतल्या डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या बीआरसीए२ जनुकाची तपासणी झाली का, हे तुमच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारा. त्यात दोष निघाला तर ओलापॅरिबसारख्या औषधाचा विचार होतो, आणि तो दोष आनुवंशिक असेल तर मुलाच्या तब्येतीच्या दृष्टीनेही कळायला हवा.

मुलाला गणित किंवा संख्याशास्त्र घेऊ द्या. पुढे त्याला स्वतःला वाटलंच, तर त्या वाटेनेही कर्करोगाच्या संशोधनात येता येतं. साधारण निम्म्या प्रोस्टेट कर्करोगांत आढळणारी टीएमपीआरएसएस२ आणि ईआरजी या जनुकांची जोडणी २००५ मध्ये सापडली, ती आधीच जमा असलेल्या जनुकांच्या आकडेवारीत चारचौघांपेक्षा वेगळे पडणारे आकडे हुडकून. पण हे त्याच्यापुढे नवं आमिष म्हणून ठेवू नका.

तो आलेखाचा कागद त्याच्याकडून मागून घ्या आणि तुमच्या फाइलला लावा. पुढचं पत्र त्याला लिहू द्या, तुम्हाला न दाखवता.