ओढ्याकाठी कस्टम हाउस कशाला?

प्रश्न : मुलाकडे शिकागोला दोन महिने राहून आले. एका शनिवारी त्यानं आम्हाला गलीना नावाच्या गावी नेलं. तीन तासांचा रस्ता, बहुतेक सपाट, दोन्हीकडे मका आणि सोयाबीन. आणि शेवटी शेवटी एकदम डोंगर! गाव जेमतेम तीन हजार वस्तीचं, पण विटांच्या जुन्या इमारतींची ओळच्या ओळ. नदी ओढ्याएवढी, आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर चक्क जुनं कस्टम हाउस! मुलाला विचारलं तर म्हणाला, "आई, फोटो काढ." हे गाव 'काउंटी सीट' आहे असंही कळलं. म्हणजे तालुक्याचं गाव का? आणि मेन स्ट्रीटच्या तोंडाशी ते अवाढव्य लोखंडी दरवाजे कसले?

उत्तर : ताई, पत्र वाचलं आणि मी उठून टेबलाचा खण उघडला. त्यात सुपारीएवढा एक खडा आहे. नव्यानं कल्हई केल्यासारखा चकचकतो आणि हातात घेणारा प्रत्येक जण दचकतो, कारण एवढ्याशा दगडाचं इतकं वजन कुणाला अपेक्षित नसतं. पाण्याच्या साडेसातपट जड. हलकेच हातोडी मारली तर चौकोनी तुकडे पडतात, आणि त्या तुकड्यांचेही पुन्हा चौकोनीच. शाळेत आपण 'गॅलेना' म्हणून घोकलेलं शिशाचं खनिज ते हेच. गावाचं नाव त्यावरूनच पडलं. तिथले लोक उच्चार 'गलीना' करतात, एवढाच फरक. मी नोकरीनिमित्त एकवीस वर्षं मिसिसिपीच्या पलीकडच्या काठावर, आयोवातल्या डब्यूकला राहिलो. गलीना तिथून २५ किलोमीटर. पाहुणे आले की आम्ही त्यांना तिकडेच न्यायचो, म्हणून तुमचे प्रश्न मलाही पूर्वी पडलेले आहेत.

डोंगरांपासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यातूनच निघतं. हिमयुगात उत्तरेकडून आलेल्या हिमनद्यांनी इलिनॉयचा, म्हणजे शिकागो नि गलीना ज्या राज्यात आहेत त्याचा, बराचसा भाग रंधा मारावा तसा सपाट केला आणि जाताना माती, वाळू, गोटे यांचे जाड थर पसरून गेल्या. तुम्ही पाहिलेली मक्याची शेतं त्या थरांवर उभी आहेत. पण इलिनॉयचा वायव्य कोपरा आणि त्याला लागून असलेला विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवाचा काही भाग, एवढ्या तुकड्याला बर्फानं वळसा घातला. भूगोलात याला 'ड्रिफ्टलेस एरिया' म्हणतात. ड्रिफ्ट म्हणजे हिमनदीनं टाकलेला तो गाळ, जो इथे नाही. म्हणून टेकड्या टेकड्याच राहिल्या. इलिनॉयमधलं सर्वांत उंच नैसर्गिक ठिकाण, चार्ल्स माउंड, याच काउंटीत आहे. उंची समुद्रसपाटीपासून १,२३५ फूट. शिकागोचा विलिस टॉवर नुसता जमिनीपासून मोजला तरी १,४५० फूट भरतो, त्यामुळे 'सर्वोच्च' या शब्दानं फार हुरळून जाऊ नये.

गाळाचं पांघरूण नाही म्हटल्यावर खालचा खडक वर आलेला, आणि खडकाच्या भेगांमध्ये शिसं. खोल खाणी खणायची गरजच नव्हती. मेस्क्वाकी, सॉक आणि हो-चंक लोक गोरे यायच्या आधीपासून हे शिसं काढत होते, आणि मेस्क्वाकींमध्ये खाणीचं बरंचसं काम बायका करत. १७८८ मध्ये त्यांच्याकडून परवानगी घेऊन ज्युलियन डब्यूक नावाच्या फ्रेंच-कॅनेडियन माणसानं पलीकडच्या काठावर खाणी चालवल्या. मी राहायचो ते गाव त्याच्या नावाचं. १८२० च्या दशकात मात्र अमेरिकी सरकारनं खाणींचे पट्टे द्यायला सुरुवात केली आणि झुंबड उडाली. सुरुवातीच्या पट्टेदारांपैकी केंटकीचा कर्नल जेम्स जॉन्सन सोबत गुलाम घेऊन आला होता. इलिनॉय हे गुलामीविरहित राज्य म्हणवत होतं, तरी. १८३२ मध्ये सॉक लोकांचा पुढारी ब्लॅक हॉक आणि अमेरिकी सरकार यांच्यात युद्ध झालं, त्यानंतर मूळ रहिवाशांना इथे जागाच उरली नाही. मेन स्ट्रीटवरची पत्रकं वाचताना हा भाग शोधावा लागतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

खाणवाले डोंगराच्या कुशीत बिळं खणून राहायचे. सीमेपलीकडच्या विस्कॉन्सिनला 'बॅजर', म्हणजे बिळात राहणाऱ्या त्या प्राण्याचं टोपणनाव मिळालं ते त्यावरून. १८४५ साली या पट्ट्यातून ५ कोटी ४० लाख पौंड शिसं निघालं. देशाच्या शिशाचा फार मोठा वाटा हाच. बंदुकीच्या गोळ्या, पांढरा रंग, नळ, छापखान्याचे खिळे, जिथे तिथे शिसं लागायचं. शिशाच्या विटा गलीनाच्या धक्क्यावर वाफेच्या बोटींत चढायच्या आणि मिसिसिपीतून खाली सेंट लुइसकडे जायच्या.

हो, त्याच ओढ्यातून. तेव्हा तो ओढा नव्हता. फीव्हर रिव्हर म्हणत त्याला, आणि मिसिसिपीवरच्या बोटी त्यातून वर गावापर्यंत येत. आता तुम्ही पाहिलंत, पाणी कुठे आहे? कारण असं : शिसं गाळायला भट्ट्या, भट्ट्यांना लाकूड. आजूबाजूच्या टेकड्या बोडक्या केल्या. खाणींनी उकरलेली माती मोकळी पडलेली होतीच. उतार तीव्र. प्रत्येक पावसात टेकड्या थोड्या थोड्या नदीत उतरल्या आणि पात्र भरून आलं. ज्या शिशानं नदीला बोटी दिल्या त्याच शिशानं त्या परत घेतल्या.

आता तुमचं कस्टम हाउस. मला या गावातली सर्वांत आवडती इमारत तीच. सरकारनं ते बांधलं १८५७ ते १८५९ मध्ये, भक्कम दगडी, दोनशे वर्षं टिकेल अशा बेतानं, कारण कागदावर गलीना हे नदीबंदर होतं आणि बंदर म्हटलं की जकात आलीच. पण तोपर्यंत नदी भरत चालली होती आणि १८५४ मध्ये इलिनॉय सेंट्रल रेल्वेही गावात येऊन पोचली होती. म्हणजे बोटींचे दिवस उतरणीला लागले, तेव्हा बोटींचं ऑफिस उभं राहत होतं. सरकारी बांधकामांना हे वरदान जगभर सारखंच असावं. इमारत वाया मात्र गेली नाही. पहिल्यापासून तिच्यात पोस्टही होतं आणि ते अजून चालू आहे. मी तिथून आईला पत्रं टाकायचो. डब्यूकला घराजवळ पोस्ट असताना पंचवीस किलोमीटर जाऊन तिकीट घेणाऱ्या माणसाबद्दल आमची ही काय म्हणायची ते छापण्यासारखं नाही.

रेल्वेची एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. शिकागोतून निघालेली पहिली रेल्वे कंपनी म्हणजे 'गलीना अँड शिकागो युनियन'. सनद १८३६ ची. नावात गलीना आधी, शिकागो नंतर, कारण त्या काळी पैसा गलीनात होता आणि शिकागो दलदलीतलं होतकरू गाव. १८४८ मध्ये त्यांचं 'पायोनियर' नावाचं इंजिन धावलं. ते आजही शिकागोच्या इतिहास संग्रहालयात उभं आहे. १८५३ मध्ये रूळ फ्रीपोर्टपर्यंत पोचले आणि तिथेच थांबले. ही रेल्वे गलीनाला कधी आलीच नाही. पुढची वाट दुसऱ्या कंपनीनं, वर लिहिलेल्या इलिनॉय सेंट्रलनं, पुरी केली, आणि तीही गलीना ओलांडून मिसिसिपीकाठी गेली. शेवटचं स्टेशन असणं आणि वाटेतलं स्टेशन असणं यातला फरक व्यापाऱ्याला विचारावा. त्यात १८४९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सोन्यानं खाणकामगार पळवले होतेच.

डिसोटो हाउस हॉटेलसमोरून तुम्ही गेला असालच. १८५५ मध्ये उघडलं तेव्हा ते पाच मजली होतं. १८५६ मध्ये लिंकननं त्याच्या सज्जातून भाषण केलं. १८८० मध्ये वरचे दोन मजले उतरवले, गिऱ्हाईकच नव्हतं. मजले चढवल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात असतात, उतरवल्याच्या मी दुसरीकडे ऐकल्या नाहीत. आणि तुम्ही पाहिलेल्या त्या विटांच्या ओळीही एवढ्याच साध्या कारणानं राहिल्या : पाडून नवं बांधायला कुणाकडे पैसे नव्हते. शंभर वर्षांनी शिकागोच्या चित्रकारांना नि हौशी लोकांना या पडीक घरांचा शोध लागला, १९६९ मध्ये गावाचा मोठा भाग राष्ट्रीय वारसा यादीत गेला, आणि आता तिथे फज आणि मेणबत्त्या विकतात. मेणबत्त्या मला मुळीच आवडत नाहीत, पण घरं उभी आहेत ती या दुकानांच्या भाड्यावर, हेही खरं.

काउंटी सीट : काउंटी म्हणजे राज्याखालचा प्रशासकीय विभाग, इलिनॉयमध्ये असे १०२ आहेत. सीट म्हणजे तिचं मुख्य ठाणं. कोर्ट, जमिनीच्या दस्तांची नोंद, मतदानाचं काम, शेरीफचं (काउंटीच्या पोलीसप्रमुखाचं) ऑफिस तिथे. आकारानं तालुका म्हणा, पण कामांनी जिल्ह्याच्या ठाण्याला जवळ. आणि शेरीफ आणि काउंटी क्लार्क यांना लोक मत देऊन निवडतात, बदलीवर कुणी येत नाही. ही काउंटी १८२७ ची, वस्ती जेमतेम बावीस हजार. शिसं गेलं, बोटी गेल्या, पण खरेदीखत नोंदवायला लोकांना गलीनाला यावंच लागलं, आणि वकील नि चहाकॉफीवाले तेवढ्यावर तगले.

दरवाजे पुराचे आहेत. पात्र उथळ झालं की पाणी जाणार कुठे? आणि मिसिसिपी फुगली की ती या नदीलाही मागे रेटते. मेन स्ट्रीट वारंवार बुडायची. शेवटी १९५० च्या आसपास लष्कराच्या अभियंत्यांनी बांध घातला, आणि रस्ता जिथे बांध ओलांडतो तिथे हे दरवाजे बसवले. एरवी उघडे, पूर आला की बंद. एकदा त्यांच्या जाडीवर हात ठेवून पाहा. टेकड्यांवरची झाडं तोडल्याचं बिल किती आलं ते हाताला कळतं.

प्रश्न : जनरल ग्रँट गलीनाचा, असं तिथे जिकडेतिकडे लिहिलंय. तो तर ओहायोचा ना?

उत्तर : जन्म ओहायोचाच, १८२२ चा. गलीनात तो १८६० च्या वसंतात आला, तोही नाइलाजानं. सैन्यातली कप्तानी सोडलेली, सेंट लुइसजवळची शेती बुडालेली; वडिलांच्या चामड्याच्या दुकानात धाकट्या भावांच्या हाताखाली काम पत्करलं. वर्षभरात यादवी युद्ध पेटलं, कोर्टहाउसमध्ये सभा झाली, आणि लष्करी शिक्षण घेतलेला माणूस म्हणून लोकांनी त्याच्याकडे पाहिलं. इथला काँग्रेस सदस्य एलिहू वॉशबर्न त्याच्या पाठीशी उभा राहिला. १८६५ मध्ये परतला तो विजयी सेनापती म्हणून, आणि गावकऱ्यांनी त्याला नदीपलीकडे टेकडीवर सुसज्ज घर भेट दिलं. १८६८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या रात्री तो वॉशबर्नच्या घरी तारेनं येणारे निकाल ऐकत बसला होता. दुकानातून व्हाइट हाउसपर्यंत आठ वर्षं.

गलीनानं युद्धात नऊ जनरल दिले असं तिथे अभिमानानं सांगतात. माझं लक्ष त्यातल्या एकावर असतं. ईली पार्कर, सेनेका जमातीचा. कायदा शिकला, पण 'इंडियन' म्हणून नागरिक नाही आणि नागरिक नाही म्हणून वकिली नाही. मग इंजिनियर झाला आणि १८५७ मध्ये सरकारनं त्याला गलीनाला पाठवलं, ते वर लिहिलेलं कस्टम हाउस बांधून घ्यायला. ग्रँटशी ओळख तिथलीच. ९ एप्रिल १८६५ ला अ‍ॅपोमॅटॉक्सला दक्षिणेचा सेनापती जनरल ली यानं ग्रँटपुढे शरणागती पत्करली, तेव्हा अटींची अंतिम प्रत पार्करच्या अक्षरात होती. ग्रँटच्या घरासमोर रांग असते. पोस्टात कुणी नसतं. पुढच्या वेळी तिकीट तिथून घ्या.

प्रश्न : काउंटीचं नाव 'जो डेव्हिस' असं पूर्ण नाव का? फक्त आडनाव का नाही?

उत्तर : जोसेफ हॅमिल्टन डेव्हिस, केंटकीचा सरकारी वकील. माजी उपराष्ट्राध्यक्ष अ‍ॅरन बर याच्यावर खटला भरायला निघालेला तोच. १८११ मध्ये टिपेकनूच्या लढाईत मारला गेला. त्याच्या नावाच्या काउंट्या केंटकी, इंडियाना, मिझुरीतही आहेत, पण 'जो'सकट फक्त इलिनॉयमध्ये. तो स्वतः आडनावात 'ई' आधी नि 'आय' नंतर लिहायचा; चारही राज्यांनी उलटं लिहिलं.

प्रश्न : नातवानं तिकडून शिशाच्या खनिजाचा खडा आणलाय. घरात ठेवावा का? विषारी असतो म्हणतात.

उत्तर : ठेवा, काचेच्या कपाटात. शिसं गंधकाशी घट्ट बांधलेलं असल्यानं खडा नुसता ठेवल्यानं काही होत नाही. पण हाताळल्यावर हात साबणानं धुवायचे, कानशीनं घासायचा नाही, भुकटी करायची नाही, आणि गंमत म्हणून गॅसवर तर मुळीच धरायचा नाही; त्यातून गंधकाचा आणि शिशाचा धूर निघतो. घरात रांगतं मूल असेल तर कपाटाला कुलूप. माझ्या खणालाही आहे. नातू दोन वर्षांचा आहे आणि मिळेल ते तोंडात घालतो.