पोरीच्या धावण्यावर वावर गहाण टाकू नका

पत्र : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. तीन एकर कोरडवाहू वावर आहे, कापूस-तूर घेतो. मुलगी दहावीत आहे, ३००० मीटर धावण्यात राज्यस्तरापर्यंत गेली. तिला पुण्याच्या खासगी अकादमीत ठेवण्यासाठी वावर गहाण टाकतो आहे. सरकार खेळाडूंना महिन्याला ५०,००० रुपये देते, दोन वर्षांत कर्ज फिटेल असं कळलं. सध्या नडगी दुखते म्हणते, पण अंगवळणी पडेल. अभ्यासाचं कसं करावं?

उत्तर : भाऊ, अभ्यासाचं नंतर बोलू. मला घोर लागला तो नडगीचा. वाढत्या वयात, कडक जमिनीवर रोज पळणाऱ्या मुलीची नडगी दुखतच राहिली तर हाडाला बारीक भेग पडलेली असू शकते. ती अंगवळणी पडत नाही, पळत राहिलं तर वाढते. नडगीच्या हाडावर बोट फिरवून बघा. एकाच जागी कळ येत असेल तर आजपासून पळणं बंद, आणि तिला हाडाच्या डॉक्टरांकडे न्या. सुरुवातीला ही भेग साध्या एक्स-रेत कित्येकदा दिसत नाही, हेही त्यांच्याशी बोला. तिनं दुखणं सांगितलं, हे नशीब समजा. उद्या वावर तिच्यापायी गहाण पडलं की ती सांगणारही नाही, तशीच पळेल.

आता ते ५०,०००. ही रक्कम केंद्र सरकारच्या, २०१४ साली सुरू झालेल्या ‘टॉप्स’ योजनेतली, ऑलिम्पिक पदक आवाक्यात आलेल्या खेळाडूंच्या मुख्य गटाची. त्यांच्या मागच्या फळीला २५,०००. कामगिरी बघून निवड होते आणि कामगिरी घसरली की नाव निघतं. केंद्राच्याच ‘खेलो इंडिया’ योजनेत निवड झालेल्या खेळाडूमागे वर्षाला ६.२८ लाख असतात, पण हातात येतात महिन्याला १०,०००. बाकीचे प्रशिक्षण, राहणं-जेवण यांवर जातात. शिवाय हातातले पैसे खुराक, बूट, प्रवास यांसाठी असतात. त्यातून कर्जाचा हप्ता भरला तर तुमची पोरगी अर्धपोटी पळेल. राज्यस्तरावरच्या मुलीच्या बापाला ज्यानं हे दोन वर्षांचं गणित मांडून दिलं, त्याच्या हाती तिला अजिबात देऊ नका.

वावर राहू द्या. भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या निवासी केंद्रांत निवड झाली तर राहणं, जेवण, प्रशिक्षण यांचा खर्च तुमच्यावर पडत नाही. निवड चाचण्या कधी, कुठे, हे यवतमाळच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. पण पाय बरा झाल्यावर. दहावीच्या क्रीडा गुणांचा प्रस्ताव शाळेकडून वेळेत पाठवून घ्या. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, तिथे प्रमाणपत्राची पडताळणी होते, म्हणून मूळ कागद जपून ठेवा. आणि अकरावी सोडायची नाही, चाचणीत निवड झाली तरीही.

तुमच्या एवढ्या पत्रात तिला स्वतःला काय हवं, हे कुठेच नाही. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा, आणि ते पत्र तिला लिहू द्या.